दत्तक मुलाला त्याची गोष्ट कशी सांगावी

आमच्या साताऱ्याच्या घरी लोखंडी ट्रंकेत फोटोंचा एक अल्बम होता. त्याची पाने काळी होती, फोटोंचे कोपरे कागदी त्रिकोणांत खोचलेले होते आणि दोन पानांच्या मध्ये उलटताना चुरचुरणारा पातळ कागद होता. माझ्या चुलत आणि मावस भावंडांचे अल्बम बारशाच्या पाळण्यापासून सुरू होत. माझ्या अल्बममधल्या पहिल्याच फोटोत मी कुणाच्याही आधाराशिवाय सतरंजीवर बसलेली होते आणि हसताना खालचे दोन दात दिसत होते. नऊ वर्षांची असताना एका दुपारी हा फरक माझ्या लक्षात आला, आणि त्याआधी कानावर पडलेल्या, तेव्हा न कळलेल्या चार-दोन गोष्टी त्या फोटोभोवती आपोआप गोळा झाल्या. मी कुणालाही काही विचारले नाही. आई-अण्णांना वाईट वाटेल, म्हणून पुढची अकरा वर्षे मला ठाऊक असल्याचे मी त्यांच्यापासून लपवले, आणि मला वाईट वाटेल म्हणून त्यांनी ते माझ्यापासून लपवले. एकमेकांवर मनापासून प्रेम करणारी आम्ही तीन माणसे दोन खोल्यांत एकच गुपित एकमेकांपासून सांभाळत राहिलो.

पुढे मी समाजकार्याचे शिक्षण घेतले, काही वर्षे मुलांच्या संस्थांमध्ये काम केले आणि मग फॅमिली थेरपीकडे वळले. एकाच माणसाला ‘रुग्ण’ ठरवून समोर न बसवता त्याच्या घरच्यांना एकत्र बसवावे आणि त्यांच्या नात्यांवर, बोलण्यावर, न बोलण्यावर काम करावे, अशी ही पद्धत आहे. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी बरीचशी दत्तक मुलांची असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: सांगायचे कसे? या लेखात मी त्याचे उत्तर शक्य तितके सविस्तर देत आहे. ज्या कुटुंबांचे अनुभव पुढे येतात, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सुरुवात कधी करावी

मूल घरी येते त्या दिवसापासून सुरुवात करावी. ‘समजायला लागले की सांगू’ असे बहुतेक पालक म्हणतात आणि ते प्रामाणिकपणेच म्हणतात, पण ‘आता समजायला लागले’ असा दिवस कॅलेंडरवर कधीच उगवत नाही. बालवाडीत वाटते अजून लहान आहे, चौथीत वाटते आता कशाला त्रास द्यायचा, आणि दहावीचे वर्ष तर सगळ्याच गोष्टी पुढे ढकलण्याचे वर्ष असते. तोवर मुलाने स्वतःच अंदाज बांधलेला असतो किंवा एखाद्या लग्नघरात कुणाच्या तोंडून शब्द निसटलेला असतो.

लहान बाळाला अर्थ कळत नाही, हे खरे आहे. पण पहिली दोन वर्षे मुख्यतः पालकांच्या सरावासाठी असतात. बाळाला तेल लावताना, मांडीवर थोपटताना मोठ्याने बोला: ‘तू आधी एका बाईंच्या पोटात वाढलीस. त्यांनी तुला जन्म दिला. मग तू संस्थेतल्या मावशींकडे राहिलीस. आणि मग एके दिवशी सकाळी आम्ही गाडी करून तुला घरी आणायला आलो.’ हे बोलताना आपला आवाज कुठे अडखळतो, याकडे लक्ष द्या. तो सहसा मुलाच्या दुःखापाशी अडखळत नाही. तो आपल्या स्वतःच्या दुःखापाशी अडखळतो: उपचारांत गेलेली वर्षे, अर्ध्यावर राहिलेली बाळंतपणे, ओटी भरताना नातेवाईक बायकांनी टाळलेली नजर. या दुःखाला पती-पत्नींनी आधी एकमेकांशी बोलून वाट करून दिली नाही, तर मूल चार वर्षांचे झाल्यावर आपले शब्द बाजूला ठेवते आणि आवाजातला कंपच ऐकते.

एका घरात वडील ही गोष्ट छान रंगवून सांगत, पण ती सुरू झाली की आई स्वयंपाकघरात निघून जाई. पाच वर्षांच्या मुलीने त्यातून काय शिकावे? आई खोलीत असेल तेव्हा तिने विचारणेच बंद केले. त्या आईशी बोलताना मुलीचा विषय मी बराच काळ काढलाच नाही. तिच्या दोन अपुऱ्या राहिलेल्या गर्भारपणांबद्दल घरात नऊ वर्षांत कुणी एक वाक्य बोललेले नव्हते, आणि आम्ही तिथून सुरुवात केली. काही आठवड्यांनी तिने ती गोष्ट मुलीला स्वतः सांगितली, रडत सांगितली, आणि मुलगी तिच्या मांडीवरून उठली नाही. पालकांनी रडू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यांनी उठून जाऊ नये, एवढेच आहे.

दत्तक ही गुपचूप ठेवायची बाब आहे, ही समजूतही तशी फार जुनी नाही, हे इथे सांगायला हवे. आपल्याकडचा जुना दत्तकविधी चारचौघांच्या साक्षीने होत असे, आणि जन्मदात्या घराने मूल दुसऱ्या घराच्या हाती देणे हाच त्याचा गाभा होता. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसले आणि बडोद्याचे सयाजीराव झाले. दोघेही तेव्हा जाणत्या वयाचे होते, दोघांनाही आपले जन्माचे घर ठाऊक होते, आणि त्यामुळे त्यांचे नव्या घरातले स्थान कुठेही कमी झाले नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका विधवेचे मूल, यशवंत, उघडपणे आपले मानले. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला तेव्हा तोही त्याच कामात होता. वंश चालवण्यासाठी दत्तक घेण्याच्या त्या पद्धतीत मुलींना जागा नव्हती आणि मुलाच्या मनाचा विचार कुणी केला असेल असे वाटत नाही, त्यामुळे तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तिथे लपवाछपवी नव्हती. अनोळखी आईचे मूल संस्थेतून घरी येऊ लागले, त्या आईच्या परिस्थितीला समाजाने कलंक मानले, आणि त्या कलंकाबरोबर मौनही घरात आले.

शब्द कोणते वापरावेत

मराठीत या विषयावरचे जे शब्द तोंडी बसलेले आहेत, त्यांतले बरेचसे मुलाला जखम करणारे आहेत, आणि ते इतके सवयीचे आहेत की आपण काय बोललो हे आपल्यालाही कळत नाही. ‘खरी आई’ हा त्यांतला पहिला. जन्म देणारी खरी, तर मग वाढवणारी कोण? ‘जन्म दिलेली आई’ किंवा नुसते ‘जन्मदाती’ म्हणावे, आणि वाढवणाऱ्या आईला कुठलेही विशेषण न लावता ‘आई’ म्हणावे. ‘पोटचं’, ‘सख्खं’, ‘रक्ताचं’ हे शब्द दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोलतानासुद्धा जपून वापरावेत, कारण ऐकणारे मूल त्याच खोलीत असते.

‘टाकलेलं मूल’ हा शब्द घरातून कायमचा हद्दपार करावा. जन्मदात्या पालकांनी मूल संस्थेकडे सोपवले असेल, तर आजच्या कायद्याप्रमाणे ते बाल कल्याण समितीसमोर लेखी सोपवले जाते, त्याआधी त्यांचे समुपदेशन होते आणि निर्णय बदलण्यासाठी त्यांना दोन महिन्यांचा अवधी मिळतो. या सगळ्यातून गेलेल्या बाईबद्दल ‘टाकून गेली’ असे म्हणणे क्रूर तर आहेच, शिवाय खोटेही आहे. ‘तिने तुला संस्थेच्या हाती सोपवलं’ असे म्हणावे.

चांगल्या हेतूने बोलली जाणारी दोन वाक्येही टाळावीत. पहिले, ‘आम्ही इतक्या बाळांतून तुलाच निवडलं.’ आजच्या पद्धतीत पालक अशी निवड करतच नाहीत. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, ऑनलाइन नोंदणीत प्रतीक्षायादीच्या क्रमाने त्यांना बाळाची माहिती पाठवली जाते. पण मुद्दा केवळ वस्तुस्थितीचा नाही. ज्याला निवडले गेले, त्याला निवडीला उतरत राहावे लागते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी गुणी, कधीच न भांडणाऱ्या, नव्वद टक्क्यांच्या खाली न उतरणाऱ्या मुलांच्या पाठीवर हे एक वाक्य बसलेले असते. दुसरे वाक्य: ‘तुझी जन्मदाती देवाघरी गेली.’ तसे नक्की ठाऊक नसेल तर हे कधीही सांगू नये. मूल त्या मृत्यूचा शोक करते, आणि पुढे केव्हातरी कागद हाती आल्यावर तो शोक आणि आपण, दोघेही खोटे ठरतो.

सात ते अकरा: सर्वांत नाजूक वर्षे

चार-पाच वर्षांच्या मुलाला आपली गोष्ट आवडते. ते ती पुन्हापुन्हा ऐकते, शेजारच्या काकूंना सांगते, गाडी कोणत्या रंगाची होती हे विचारते. पालकांना वाटते, झाले, आपण जिंकलो. आणि मग सात-आठ वर्षांचे झाल्यावर तेच मूल गोष्ट सुरू झाली की विषय बदलते, चिडते, किंवा रात्री आईला चिकटून झोपू लागते. आपले काहीतरी चुकले असे पालकांना वाटू लागते.

काही चुकलेले नसते. दत्तक मुलांच्या आकलनाचा दीर्घकाळ अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांनी हे वळण नीट उलगडून दाखवले आहे: शाळेच्या पहिल्या वर्षांत मुलाची तर्कशक्ती वाढते आणि त्याला प्रथमच कळते की या घरी येण्याआधी कुणापासून तरी दूर व्हावे लागले होते. गोष्ट तीच असते, पण मुलाला आता तिची दुसरी बाजू दिसू लागलेली असते. मग शोक सुरू होतो, आणि मूल तो शोक हट्टातून, पोटदुखीतून, शाळेतल्या मारामारीतून दाखवते.

या वयातली मुले कारणे तपासून पाहतात. आठ वर्षांच्या एका मुलाला त्याच्या पालकांनी सांगितले होते की, जन्मदात्या आईकडे पैसे नव्हते म्हणून तिने तुला संस्थेत दिले. उत्तर साधे होते आणि बहुधा खरेही होते. दोन वर्षांनी वडिलांची नोकरी सुटली. त्यानंतर काही दिवसांनी आईला मुलाच्या कंपासपेटीत, कर्कटक आणि पट्टीच्या खाली, घड्या घातलेल्या दहा-दहाच्या नोटा आणि नाणी सापडली. तो खाऊचे पैसे साठवत होता. चोरी असेल असे समजून ते त्याला माझ्याकडे घेऊन आले. मी वडिलांना खुर्चीवरून उतरून त्याच्याशेजारी जमिनीवर बसायला सांगितले. बराच वेळ पट्टीशी खेळून झाल्यावर त्याने वर न पाहता विचारले, ‘पप्पा, आपले पैसे संपले तर मला परत द्यावं लागेल का?’

म्हणून कारण सांगताना ते एकाच खुंटीवर टांगू नये. पैसे नव्हते, आजार होता, लग्न झालेले नव्हते, यांपैकी कुठलीही एक गोष्ट या घरातही उद्या घडू शकते, आणि मूल नेमका तोच धागा पकडते. असे सांगावे: ‘त्या वेळी त्यांच्या आयुष्यात मोठ्या माणसांच्या बऱ्याच अडचणी एकदम आल्या होत्या आणि मदतीला कुणी नव्हतं. कुठलंही बाळ जन्माला आलं असतं, तरी त्यांना ते सांभाळता आलं नसतं. तुझ्यात काही कमी होतं म्हणून हे झालं नाही.’ आणि लगेच, त्याच दमात, दुसरी बाजूही सांगावी: ‘आमच्याकडेही अडचणी येतील. तेव्हाही तू इथेच असशील.’ त्या वडिलांनी हे सांगताना मुलाच्या हातातली पट्टी काढून घेतली नाही, तिचे दुसरे टोक धरले. मला ते फार योग्य वाटले.

किशोरवयात ‘तू माझी आईच नाहीस’ हे वाक्य कधी ना कधी येते. ते ऐकून आपण केलेल्या त्यागाची यादी वाचू नये. ‘तुला आत्ता माझा फार राग आलाय, आणि हेही तुला मला सांगता येतं’ एवढे पुरेसे आहे. मोबाइलच्या वापराबद्दलचे भांडण तेवढ्यापुरतेच ठेवून मिटवावे, त्यात दत्तकाचा विषय ओढू नये, कारण या वयातली दहातली आठ भांडणे कुठल्याही घरात होतात तशीच असतात.

जे माहीत नाही, ते

बऱ्याच मुलांच्या बाबतीत जन्मदात्यांची काहीच माहिती नसते. मूल कुठेतरी सापडलेले असते, जन्मतारीख डॉक्टरांनी वय पाहून ठरवलेली असते, नाव संस्थेतल्या ताईंनी ठेवलेले असते. अशा वेळी रिकामी जागा कल्पनेने भरण्याचा मोह होतो. तो आवरावा. ‘हे मला माहीत नाही, आणि माहीत असतं तर मी तुला सांगितलं असतं’ हे वाक्य मुलाला खोट्या तपशिलापेक्षा कितीतरी जास्त आधार देते. मग आपल्या दोघांना काय वाटते याची चर्चा खुशाल करावी: ती कशी दिसत असेल, तिला गाता येत असेल का. मात्र ही आपली कल्पना आहे, हे दोघांनाही ठाऊक असावे.

पॉलिन बॉस या अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ बाईंनी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना एका वेगळ्या प्रकारच्या दुःखाला नाव दिले. मराठीत त्याला ‘धूसर वियोग’ म्हणता येईल. माणूस गेला असे ठामपणे म्हणता येत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही, त्यामुळे या दुःखाला दहावा-तेरावा नसतो, भेटायला येणारी माणसे नसतात आणि शेवटही नसतो. ही कल्पना मी प्रथम ऐकली तेव्हा वर्गात माझ्या हातातले पेन थांबले होते. वाढदिवसाच्या संध्याकाळी मला नेहमी येणाऱ्या उदासीचे कारण मला तोवर कुणी सांगितले नव्हते. तुमचे मूल वाढदिवसाला विनाकारण रुसत असेल, तर केक कापण्याआधी पाच मिनिटे एका बाजूला घेऊन त्याला म्हणावे, ‘आज तुझ्या जन्मदातीचीही आठवण येत असेल ना.’ त्याला उत्तर देण्याची सक्ती करू नये.

नातेवाईक, शेजार आणि शाळा

दत्तकाची वस्तुस्थिती जवळच्या सर्वांना माहीत असावी, पण मूल कुठून आले, कोणत्या परिस्थितीत आले, हा तपशील मुलाचा खाजगी ठेवा आहे. तो मुलाला कळण्याआधी आत्या-मावश्यांना कळला, तर पुढे परत मागता येत नाही. ‘ते सगळं आम्ही तिच्यासाठी राखून ठेवलंय’ असे सांगितले की आजी-आजोबाही फार आग्रह करत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

‘मुलगी अगदी आईच्या वळणावर गेली आहे’ असे कुणी कौतुकाने म्हटले, तर तिथे खुलासा करत बसण्याची गरज नाही. पण मुलीकडे पाहून हलकेच हसावे, म्हणजे ही आपल्या दोघींमधली उघड गोष्ट आहे हे तिला कळते. मला त्या वाक्यावर आईने खाली घातलेली मान अजून आठवते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बाहेर वापरायला तीन उत्तरे तयार करून द्यावीत: ‘हो, मी दत्तक आहे’, ‘हे आमच्या घरचं आहे, मला सांगायचं नाही’ आणि ‘आईला विचारा’. कुठले उत्तर कुणाला द्यायचे, हे त्याने ठरवावे.

शाळेत वंशवृक्षाचा प्रकल्प येतोच. वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षकांना भेटून ठेवावे, आणि प्रकल्प आलाच तर मुलाला विचारून पुढच्या पद्धतीने काढावा.

एका कागदावर दोन घरे

फॅमिली थेरपीत कुटुंबाच्या किमान तीन पिढ्यांची आकृती काढतात. तिला जेनोग्राम म्हणतात, आणि ती पद्धत अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांच्या विचारातून आली. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, लग्नासाठी आडवी रेघ, मुलांसाठी त्या रेघेपासून खाली येणाऱ्या उभ्या रेघा. प्रशिक्षणात प्रत्येकाला आधी स्वतःची आकृती काढावी लागते. मी अण्णांच्या बाजूची चार भावंडे, आईच्या बाजूची सहा, आजोबांचे देशावरचे गाव, सगळे वीस मिनिटांत काढले, आणि स्वतःच्या वर्तुळापाशी येऊन थांबले. शिक्षकांनी काही विचारले नाही. त्यांनी माझ्या कागदाला दुसरा कोरा कागद टेपने जोडला आणि त्या निघून गेल्या.

घरी हे करायला दहा वर्षांपुढचे मूल योग्य. मोठा कागद घ्या, मधोमध मुलाचे वर्तुळ किंवा चौकोन काढा. एका बाजूला वाढवणारे घर भरा. दुसऱ्या बाजूला जन्मदात्यांची दोन चिन्हे काढा आणि त्यांत प्रश्नचिन्ह लिहा. त्यांच्या वरही चार प्रश्नचिन्हे काढा, कारण त्यांनाही आई-वडील होतेच. संस्थेतल्या ज्या मावशींनी पहिले महिने सांभाळले त्यांचे नावही कागदावर यावे. मग प्रत्येक माणसाकडून मुलाला काय मिळाले ते लिहा: अण्णांकडून गणित, आईकडून शिवणकाम, प्रश्नचिन्हांकडून कुरळे केस, डावखुरा हात, आवाज. पालकांना हा भाग जड जातो. पण मुलाचा चेहरा पाहा. आपल्या अंगावरच्या कितीतरी गोष्टी कुणाकडून तरी आलेल्या आहेत हे लिहून ठेवायला त्याला पहिल्यांदाच जागा मिळालेली असते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, याच्या कलम १२ ने दत्तक मुलाचे जन्मघराशी असलेले नाते संपवले, पण जन्मघराच्या नात्यांत निषिद्ध असलेला विवाह मात्र निषिद्धच ठेवला. म्हणजे कायद्यानेही दुसरा कागद पुरता फाडलेला नाही.

मुळांचा शोध

दत्तक नियमावली, २०२२, प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला आपल्या मुळांच्या शोधासाठी स्वतः अर्ज करता येतो. त्याहून लहान असल्यास पालकांसह अर्ज करावा लागतो. दुसऱ्या कुणाला हा शोध परस्पर घेता येत नाही. जन्मदात्यांच्या खाजगीपणाच्या हक्काला बाध आणता येत नाही. त्यांनी भेटीला नकार दिला किंवा त्यांचा माग लागला नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले एवढी माहिती मात्र अर्जदाराला दिली जाते.

यासाठी पालकांनी पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवावी: दत्तकविधानाचा आदेश, बाळाचा अभ्यास अहवाल (म्हणजे संस्थेने लिहिलेली बाळाची माहिती), वैद्यकीय अहवाल, संस्थेतला फोटो, घरी येताना अंगावर असलेले कपडे. कपडे धुऊन, कडुनिंबाची पाने घालून ठेवावेत. मूल शोध घ्यायचा म्हणाले तर ते आपल्याला सोडून जात आहे असे समजू नये, आणि ते नको म्हणाले तर त्याला ढकलू नये. शोधाआधी एक प्रश्न मात्र जरूर बोलावा: काहीच मिळाले नाही, किंवा नको ते मिळाले, तर त्या रात्री कुणाला फोन करशील?

मी चौतीस वर्षांची असताना शोध घेतला. आई माझ्याबरोबर आली आणि संस्थेच्या व्हरांड्यातल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. नोंदवहीत माझ्याबद्दल तीन ओळी होत्या. त्यांतल्या एकीत लिहिले होते, ‘वजन १ किलो ९०० ग्रॅम’. त्यापलीकडे फारसे काही निघाले नाही. बाहेर येऊन मी आईला तो आकडा सांगितला, तर ती एकदम म्हणाली, ‘अगं, मग तुला कुणीतरी नीट पाजलं होतं. आमच्याकडे आलीस तेव्हा सहा किलोची होतीस.’ त्या बाकावर बसून आम्ही दोघींनी माझ्या पहिल्या काही महिन्यांचा हिशेब प्रथमच एकत्र मांडला.

ज्यांनी अजून सांगितलेले नाही

मूल बारा, सोळा, पंचवीस वर्षांचे झाले असेल आणि अजून सांगितलेले नसेल, तरी सांगावे. लग्नाच्या बोलण्यांआधी, पत्रिका आणि गोत्र विचारले जाण्याआधी, आणि डॉक्टर घराण्यातले आजार विचारतील त्याआधी सांगावे. दोघांनीही हजर असावे. वाढदिवस, सण, परीक्षा किंवा प्रवासाचा दिवस निवडू नये, आणि पुढचा पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. पहिल्या दोन वाक्यांत मुद्द्यावर यावे, कारण प्रस्तावना लांबली की समोरच्याला कुणाचातरी मृत्यू झाला असे वाटू लागते. ‘हे आम्ही आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही आमची चूक आहे’ हे वाक्य त्यात असावे. त्याला ‘पण’ जोडू नये. कागद तयार ठेवावेत, पण मागितल्याशिवाय पुढे करू नयेत.

आणि मूल ‘मला माहीत होतं’ म्हणाले, तर सुटलो असे समजू नये. आमच्या घरी तसेच झाले. बी.ए.चा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी आई वर्तमानपत्रावर मेथी निवडत होती आणि अण्णा डेपोतून येऊन नुकतेच हातपाय धुऊन बसले होते. आईने मान वर न करता दोन वाक्यांत सांगून टाकले. मी म्हटले, मला माहीत आहे. तिने रडायला किंवा खुलासे करायला सुरुवात केली असती तर मी पूर्वीसारखीच तिला सावरायला धावले असते आणि पुन्हा गप्प झाले असते. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि विचारले, ‘कधीपासून?’

हाच प्रश्न तुम्हीही विचारा, आणि नंतर मध्ये बोलू नका. मी अल्बमपासून सुरुवात केली. त्या रात्री मेथी तशीच कागदावर सुकली, आणि नऊ वाजून गेल्यावर अण्णांनी उठून पिठले टाकले.